डावी बाजू

"आडवी पाडू नका," अंतू कासुर्डे एकदाच म्हणाला.
त्याच्या बापाची घोडी साताऱ्याच्या दवाखान्यात
इंजेक्शन देऊन निजवली, ती उठलीच नाही.
हे मला नंतर दस्तगीरनं सांगितलं.
अंतू एवढं बोलत नाही.

म्हणून दांडेघरच्या शेडमध्ये, उभ्या उभ्या.
स्ट्रॉबेरीचे चार रिकामे क्रेट, वर दुमडलेलं पोतं,
पोत्यावर रेवडीचं डोकं.
शिरेत पहिली सुई. पाच मिनिटांत मान जड,
खालचा ओठ लोंबला
जेवून ओसरीवर कलंडलेल्या म्हाताऱ्यासारखा.
कानांत कापसाचे बोळे.

डावा डोळा गेलाच होता.
करवंदीचा काटा, मग पंधरा दिवस हळद,
मग कुणीतरी दिलेला सुरमा,
मग मी.
मी नेहमी शेवटी येते.

भुवईचं हाड बोटानं चाचपलं.
तिथं एक भोक असतं, ज्वारीच्या दाण्याएवढं,
त्यातून एक नस कपाळावर येते.
पुस्तकात ती पिवळी असते,
इथे केसांखाली नुसती अटकळ.
दुसरी सुई तिथे. तिसरी कानाच्या बुडाशी,
म्हणजे पापणी झुंजणार नाही.
चौथी लांब,
डोळ्यामागच्या खळग्यातून सरळ खाली,
जिथलं मला काहीच दिसत नाही.
डोळा अंग चोरून हलला. पोहोचले.
औषध सोडलं तसा थोडा पुढे आला,
दार किलकिलं करून कुणी बाहेर बघावं तसा.

घोडी जागी आहे.
शेपटी माशी हाकलते, पोटात गवत गुरगुरतं,
फक्त तळहाताएवढ्या जागेत
आता कुणी राहत नाही.
"वायरमन अख्ख्या गावाची लाईन घालवतो, बाई,"
दस्तगीर ट्रे पुढे करत म्हणाला,
"तुम्ही एकाच घराची."

चिमट्यानं कातडं दाबून पाहिलं.
कान हलला नाही.

चाळीस मिनिटं.
अंतूनं मोरकी धरलेली, नजर माझ्या हातांवर नाही,
खाली लांब धोमच्या पाण्यावर.
"कळतंय का तिला?"
"ओढलेलं कळत असेल. दुखलेलं नाही."
त्यावर तो बराच वेळ गप्प,
म्हणजे नेहमीएवढाच.

शेवटचा टाका. ट्रेवर फडकं.
"औषध किती वेळ पुरंल?"
"दोन तास. रात्रीसाठी वेगळं देते."
"आन् मग?"
मग, मी म्हटलं, डाव्या अंगानं मुक्यानं जाऊ नका.
तिकडे तिच्यासाठी आता काही उरलेलं नाही.
हात लावायच्या आधी आवाज द्या.
दर वेळी. जन्मभर.

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं
की मी फी दुप्पट सांगितली.

जानेवारीत टेबललँडवर गेले,
दुसऱ्याच कुणाच्या तरी लंगड्या घोड्यासाठी.
धुकं एवढं की जांभ्यावर आपलेच पाय दिसेनात.
आधी आवाज आला:
"थांब, पट्टा आवळतोय.
हरबऱ्याचा भाव काय झालाय, ऐकलास का.
धाकटीला वाईला पोरगी झाली, काळी हाय, माझ्यावर गेली.
हा, आलो बघ, हात लावतोय.
आन् ते सांगायचं ऱ्हायलंच,
आमच्या आबाची एक घोडी व्हती,
तुझ्यावानीच कपाळावर चांद,
मी तवा नऊ वर्साचा, साताऱ्याला तिच्यासंगं गेल्तो,
बाहेर बसवलं मला, बाकड्यावर…"

मी उजवीकडून आले होते.
रेवडीनं मला पाहिलं, एकदा पापणी मिटली,
आणि त्याला काही कळू दिलं नाही.